शिंपल्यांची वेदी



एखाद्या जुन्या इमारतीचा इतिहास सांगावयाचा म्हणजे ती कशासाठीं बांधली, केव्हां बांधली आणि कोणीं बांधली, हे तीन प्रश्न प्रथम पुढें येतात. आज ज्या इमारतीविषयीं मी बोलणार आहें तिच्या बाबतींत पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें सोपीं आहेत. तिसऱ्याचें तितकें सोपें नाहीं. माझ्या आजच्या भाषणाचा खरा विषय तो तिसरा प्रश्नच होय.

ऑस्ट्रेलिया खंडाच्या वायव्य किनाऱ्यावर ब्रूम नांवाचें बंदर आहे. त्याच्या उत्तरेस सुमारें १२० किलोमीटरांवर, तांबड्या मातीच्या व विरळ झाडीच्या प्रदेशांत, बीगल बे नांवाचें एक लहानसें गांव वसलेलें आहे. या गांवांत पांढऱ्या भिंतींचें व घंटेच्या मनोऱ्याचें एक कॅथॉलिक प्रार्थनामंदिर आहे. येशूच्या पवित्र हृदयाला तें अर्पण केलेलें आहे. बाहेरून पाहणाराला वाटावें कीं, जर्मनींतल्या एखाद्या खेड्यांतलें देऊळच कोणी उचलून येथें आणून ठेवलें आहे. आंत पाऊल टाकलें म्हणजे मात्र जर्मनीचा विसर पडतो. समोरची मुख्य वेदी मोत्याच्या शिंपांनीं मढविलेली आहे. शिंपांच्या जोडीला कवड्या आणि नाना आकारांचे शंख नक्षीसारखे बसविलेले आहेत. सोनें नाहीं, संगमरवर नाहीं, रंगीत रत्नें नाहींत. जें कांहीं तेज आहे तें समुद्रानें किनाऱ्याला दिलेलें आहे. तीन मैलांवरच्या डोंगरांतला दगड देवळाला लावावा तशा सहजतेनें तेथल्या लोकांनीं आपल्या समुद्रांतला शिंपला देवाच्या वेदीला लावला.

हें सारें मनोहर आहे. परंतु केवळ मनोहर म्हणून सोडून देण्याजोगें नाहीं. कारण या शिंपेला त्या किनाऱ्यावर फार जुना आणि कांहीं अंशीं फार दुःखाचा इतिहास आहे.

शाळेंत भूगोल शिकवितांना मी नकाशावरच्या नांवावर बोट ठेवून मुलांना विचारीत असें, “हें नांव कोणीं ठेवलें? आणि त्याच्यापूर्वीं येथें कोणी राहत नव्हतें काय?” हा प्रश्न बीगल बेला चांगला लागू पडतो. हें गांव ज्या द्वीपकल्पावर आहे त्याला डँपियर द्वीपकल्प म्हणतात. कारण विल्यम डँपियर हा इंग्रज दर्यावर्दी १६८८ सालीं त्या किनाऱ्याला लागला होता. बीगल हें नांव एका जहाजाचें. ज्या बीगल जहाजावरून चार्लस् डार्विननें १८३१ ते १८३६ पर्यंत पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेंच जहाज १८३८ सालीं या किनाऱ्याची पाहणी करीत आलें व आपलें नांव या उपसागराला देऊन गेलें. पण तेथें हजारों वर्षें न्यूल न्यूल नांवाचे लोक राहत होते. त्यांच्या भाषेंत त्या जागेला ‘झऱ्यांनीं वेढलेली जागा’ अशा अर्थाचें नांव होतें. कोरड्या मुलखांत गोड्या पाण्याचे झरे म्हणजे जीवनच. नांव ठेवणारांची दृष्टि कशावर होती तें यावरून कळतें. एकाला जहाज दिसलें, दुसऱ्याला पाणी.

या लोकांच्या शेजारीं, द्वीपकल्पाच्या उत्तर टोंकाकडे, बार्डी लोक राहतात. त्या समुद्रांत मोत्याची जी शिंप सांपडते ती जगांतल्या मोत्यांच्या शिंपांत सर्वांत मोठी. जेवणाच्या ताटलीएवढी होते. आंतून तिला चंदेरी झळाळी असते. बार्डी लोक ती घासून गुळगुळीत करीत, तिच्यावर रेषांची भौमितिक नक्षी कोरीत, कोरलेल्या रेषांत गेरू भरीत, आणि समारंभांत पुरुष ती कमरेला बांधीत. अशा कोरीव शिंपेला तेथें ‘रिजी’ म्हणतात. या शिंपा एका टोळीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, अशा देवघेवींत वाळवंटें ओलांडून खंडाच्या दक्षिण भागापर्यंत पोहोंचत. समुद्र ज्यांनीं जन्मांत पाहिला नाहीं असे लोकही तिच्या झळाळींत पाण्याचें व पावसाचें सामर्थ्य पाहत. आमच्याकडे भवानीच्या आराध्याच्या गळ्यांत कवड्यांची माळ असते. ती ज्याला कळली त्याला हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. तात्पर्य, शिंपेला पवित्र मानणें व तिच्यावर कलाकुसर करणें हें त्या किनाऱ्याला कोणा परक्यानें शिकविलें नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोऱ्या व्यापाऱ्यांना या शिंपेचा दुसराच उपयोग दिसला. यूरोप-अमेरिकेंतल्या सभ्य गृहस्थांच्या सदऱ्यांना गुंड्या हव्या होत्या, आणि शिंपेची गुंडी फार सुबक होते. मोतीं क्वचित् सांपडे. खरा धंदा शिंपेचाच. १८६० नंतर या किनाऱ्यावर तो सुरू झाला आणि त्याला पाणबुडे हवे झाले. मूळ रहिवाशांना फसवून, धमकावून, प्रसंगीं पकडून होड्यांवर नेण्यांत येऊं लागलें. त्यांत स्त्रियाही होत्या. कसल्याही साधनावांचून, नुसत्या श्वासाच्या बळावर, त्यांना तळाशीं बुडी मारावी लागे. हा प्रकार इतका बोकाळला कीं पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारला १८७१ सालीं कायदा करून या धंद्यांत स्त्रियांना कामास ठेवण्यास मनाई करावी लागली. कायदा करावा लागला, यावरूनच काय घडत होतें तें उघड आहे. किनारा अफाट आणि अंमलदार मोजके. त्यामुळें कागदावरची मनाई होडीपर्यंत पोहोंचण्यास फार वेळ लागला.

१८८३ सालीं ब्रूम शहराची आंखणी झाली. पुढें शिरस्त्राणाचा पाणबुड्या-पोषाख आला आणि त्याबरोबर जपानी, मलायी, फिलिपिनो, तिमोरकडचे असे अनेक देशांचे लोक आले. ब्रूमच्या जपानी दफनभूमींत सुमारें ९०० माणसें चिरनिद्रा घेत आहेत. कोणी वादळांत बुडाले, कोणी खोल पाण्यांतून एकाएकी वर आल्यामुळें होणाऱ्या विकारानें गेले. एका गुंडीमागें किती श्वास खर्चीं पडले याचा हिशेब कोणी ठेवला नाहीं.

अशा या मुलखांत १८९० सालीं फ्रान्समधील सेप्त-फों येथील मठांतून ट्रॅपिस्ट पंथाचे कांहीं साधू येऊन उतरले. त्यांना तेथें घेऊन येणारे पर्थचे बिशप मॅथ्यू गिबनी हे मोठे धाडसी गृहस्थ होते. १८८० सालीं नेड केली या प्रसिद्ध दरोडेखोराची टोळी ग्लेनरोवन येथील खाणावळींत वेढली गेली व पोलिसांनीं त्या घराला आग लावली, तेव्हां आंतल्या माणसांच्या अखेरच्या धर्मविधीसाठीं त्या आगींत शिरणारे पाद्री ते हेच. ट्रॅपिस्टांचा नियम मौनाचा, शेतीचा व कडक शिस्तीचा. बीगल बेच्या झऱ्यांवर त्यांनीं मळे केले, झोंपड्या उभारल्या. पण ऊन, दारिद्र्य आणि एकांत यांच्यापुढें दहा वर्षांत त्यांना हार खावी लागली आणि १९०० सालीं ते परत निघाले.

येथें एक गमतीचा प्रसंग आहे. सरकारनें मिशनला दहा हजार एकर जमीन कायमची देण्याचें कबूल केलें होतें. अट अशी कीं जमिनीवर पांच हजार पौंड किंमतीची सुधारणा झालेली दिसली पाहिजे. मोजणीदार येण्याची वेळ झाली आणि मळे तर ओसाड पडलेले. तेव्हां वृद्ध बिशप गिबनी स्वतः तेथें गेले. त्यांच्याबरोबर डेझी बेट्स ही पत्रव्यवसायी बाई होती. मूळ रहिवाशांच्या चालीरीतींची अभ्यासक म्हणून पुढें ती प्रसिद्ध झाली. उरलेले साधू, तेथलीं माणसें, बिशप आणि ही बाई यांनीं मिळून विहिरी उपसल्या, कुंपणें उभीं केलीं, बागा साफ केल्या, आणि मोजणीदारानें किंमत ठरविली ती पांच हजारांहून अधिकच भरली. जमीन मिशनला मिळाली. मात्र ज्यांची ती जमीन मुळांत होती त्यांना या व्यवहारांत कोणीं कांहीं विचारल्याचें दिसत नाहीं. कुंपणासाठीं त्यांचे हात लागले. कागदावर त्यांचें नांव लागलें नाहीं.

१९०१ सालीं पॅलोटाइन संघाच्या जर्मन मिशनऱ्यांनीं बीगल बेचा कारभार हातीं घेतला. हा संघ व्हिन्सेंट पॅलोटी या धर्मगुरूनें १८३५ सालीं रोममध्यें स्थापिलेला. १९०७ सालीं आयर्लंडांतून उगम पावलेल्या सेंट जॉन ऑफ गॉड संघाच्या भगिनी तेथें आल्या. शाळा, दवाखाना, शेती, गुरें असा मिशनचा संसार वाढूं लागला.

याच सुमारास एक कायदा झाला आणि त्यानें बीगल बेचें रूप पालटलें. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या १९०५ च्या कायद्यान्वयें मूळ रहिवाशांच्या प्रत्येक मुलाचा, तसेंच ज्यांना ते ‘अर्धजातीय’ म्हणत अशा मिश्र वंशाच्या प्रत्येक मुलाचा, सोळा वर्षांपर्यंतचा कायदेशीर पालक सरकारचा ‘मुख्य संरक्षक’ हा अधिकारी ठरला. आई जिवंत असतां, तिच्या मांडीवरचें मूल नेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. अशीं मुलें किंबर्ली प्रांताच्या दूरदूरच्या भागांतून आणून बीगल बेच्या वसतिगृहांत ठेवण्यांत येऊं लागलीं. त्यांतल्या कित्येकांना आपली आई पुन्हां दिसली नाहीं. त्यांना अन्न मिळालें, अक्षर मिळालें, कित्येकांना भगिनींची मायाही मिळाली. पण घर, बोली आणि आईची हांक या तीन गोष्टी ज्याच्या हातून गेल्या त्याचा जमाखर्च या तीन देणग्यांनीं जुळतो काय? ‘संरक्षक’ हा शब्द त्या काळच्या सरकारी कागदांतला आहे. शब्दांवर विश्वास ठेवण्यापूर्वीं त्यांचा कारभार पाहावा, हा इतिहासाचा पहिला धडा.

आतां आपण मंदिराच्या बांधकामाकडे येऊं. १९१४ च्या ऑगस्टांत पहिलें महायुद्ध पेटलें आणि बीगल बेचे जर्मन फादर व बंधू एका रात्रींत शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. त्यांच्या हालचालींवर बंधनें आलीं आणि मायदेशाशीं असलेला संबंध तुटला. अशा स्थितींत, जगाच्या एका कोंपऱ्यांत अडकून पडलेल्या या माणसांनीं देऊळ बांधावयास घेतलें. फादर थॉमस बाखमाइर व फादर ड्रोस्टे हे या कामांतले पुढारी. नमुना डोळ्यांपुढें होता तो जर्मनींतल्या ग्रामीण देवळाचा. बंदींतल्या माणसाला घर आठवावें, यांत नवल तें काय?

परंतु नमुना जर्मन असला तरी साहित्य व मनुष्यबळ तेथलेंच. सुमारें ६०,००० विटा हातानें पाडून जागीच भाजण्यांत आल्या. लांकूड आसपासच्या रानांतलें. चुन्याचा प्रश्न शिंपल्यांनींच सोडविला. किनाऱ्यावरून शिंपल्यांचे ढीग गोळा करून आणावयाचे, ते भट्टींत जाळावयाचे आणि त्याचा चुना करून विटा सांधावयाच्या. आपल्या कोंकणांत शिंपल्यांच्या चुन्यानें बांधलेलीं घरें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांना ही पद्धति नवी वाटणार नाहीं. तेव्हां शिंपला हा या देवळाचा केवळ दागिना नव्हे; भिंतींच्या सांध्यासांध्यांत तोच आहे. दिसतो तो वेदीवर, आणि भार वाहतो तो भिंतींत.

विटा पाडणारे, लांकूड तोडणारे, शिंपले वेंचणारे आणि भट्टी पेटविणारे हे हात कोणाचे? मिशनमधील बंधूंचे तर होतेच. पण त्यांच्या बरोबरीनें न्यूल न्यूल व शेजारच्या इतर लोकांचे होते, आणि दूरवरून आणलेल्या व आतां मोठ्या झालेल्या मुलांचेही होते. म्हणजे युद्धामुळें देशाला मुकलेले आणि कायद्यामुळें घराला मुकलेले असे दोन प्रकारचे लोक एकाच भिंतीवर वीट ठेवीत होते. दोघांचें दुःख सारखें मात्र नव्हे. युद्ध संपल्यावर एकांचीं बंधनें सुटणार होतीं. दुसऱ्यांचीं सुटावयास आणखी अर्धें शतक लागणार होतें.

१५ ऑगस्ट १९१८ रोजीं, मेरीमातेच्या स्वर्गारोहणाच्या सणाच्या दिवशीं, मंदिराचें उद्घाटन झालें. यूरोपांत तोफा अजून थंड झाल्या नव्हत्या. युद्धविरामाला तीन महिने अवकाश होता.

वेदीची सजावट हें या मंदिराचें वैभव. मोत्याच्या शिंपेचे चकचकीत तुकडे, लहानमोठ्या कवड्या, लांबट आकाराचे तुळतुळीत शंख, चक्राकार वळणांचे शंख, अशी रचना चुन्याच्या गिलाव्यांत बसविलेली आहे. खिडकींतून ऊन आलें कीं शिंपेचा रंग पांढऱ्यावरून गुलाबी, गुलाबीवरून हिरवट असा पालटतो. गोमंतकांतल्या जुन्या घरांतून व देवळांतून खिडक्यांना कांचेऐवजीं पातळ शिंपा बसवीत. त्यांतून गाळून येणारा मऊ प्रकाश ज्यांना आठवतो त्यांना या तेजाची थोडी कल्पना येईल. फरक इतकाच कीं गोमंतकांत शिंप प्रकाशाला आंत घेते आणि बीगल बे येथें ती त्याला परत पाठविते. विशेष लक्ष देण्याजोगी गोष्ट ही कीं, या सजावटींत ख्रिस्ती चिन्हांबरोबर न्यूल न्यूल, निमानबुर व बार्डी या लोकांचीं चिन्हेंही आहेत. ज्या शिंपेवर त्यांचे पूर्वज नक्षी कोरीत, ज्या शिंपेसाठीं त्यांच्या आज्या-पणज्यांना पाण्यांत ढकललें गेलें, तीच शिंप येथें, गुंडी होण्याचें चुकवून, प्रार्थनेच्या जागीं येऊन बसली. गुंड्यांचा तो व्यापार पुढें, १९५० नंतर, प्लॅस्टिकच्या गुंड्या निघाल्यावर ओसरला. ज्या सदऱ्यांसाठीं एवढें घडलें ते सदरे केव्हांच फाटले. वेदी अजून आहे.

नंतरचा इतिहास थोडक्यांत सांगतों. ३ मार्च १९४२ रोजीं जपानी विमानांनीं ब्रूमवर हल्ला केला, तेव्हां ब्रूमच्या पुष्कळशा मूळ रहिवाशी कुटुंबांना बीगल बे येथें हलविण्यांत आलें व हें देऊळ त्यांचा आधार झालें. याच मिशनमध्यें १९३० नंतर हर्मान नेकेस व अर्न्स्ट वर्म्स या दोन पॅलोटाइन फादरांनीं तेथल्या भाषांचा कसून अभ्यास केला; त्यांचा ऑस्ट्रेलियन भाषांवरील ग्रंथ १९५३ सालीं सिद्ध झाला. केवढा विरोधाभास पाहा! ज्या व्यवस्थेनें मुलांच्या तोंडची भाषा मावळत गेली, त्याच व्यवस्थेंतल्या दोन माणसांनीं ती कागदावर जपून ठेवली. न्यूल न्यूल भाषा अस्खलित बोलणारी जुनी पिढी विसाव्या शतकाबरोबर संपली. आतां ती शिकूं पाहणारांना असल्या टिपणांचाच आधार आहे.

१९०५ चा तो कायदा १९६३ सालीं झालेल्या नव्या कायद्यानें मागें पडला. पुढें कारभार मिशनच्या हातून निघून गांवाच्या हातीं आला. आईबापांपासून तोडलेल्या मुलांची हकीकत सरकारी चौकशीच्या अहवालरूपानें १९९७ सालीं देशापुढें आली, आणि १३ फेब्रुवारी २००८ रोजीं पंतप्रधान केव्हिन रड यांनीं पार्लमेंटांत उभें राहून त्या पिढ्यांची क्षमा मागितली. २०१८ सालीं तेथल्या फेडरल न्यायालयानें न्यूल न्यूल व शेजारच्या लोकांचा आपल्या पिढीजात भूमीवरील हक्क मान्य केला. म्हणजे बिशप गिबनींच्या वेळीं ज्यांचें नांव कागदावर लागलें नव्हतें, त्यांचें तें सुमारें एकशें अठरा वर्षांनीं लागलें.

आतां तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. हें मंदिर कोणीं बांधलें? असल्या वास्तूविषयीं दोन प्रकारचीं माणसें दोन प्रकारचीं उत्तरें देतात. एक म्हणतो, “एवढें सुंदर काम झालें, मग मागचीं दुःखें कशाला उकरावीं?” दुसरा म्हणतो, “ज्याच्या मागें एवढा अन्याय आहे त्याचें कौतुक कशाला करावें?” मला दोन्ही उत्तरें घाईचीं वाटतात. पहिलें उत्तर देणारा शिंपले वेंचणाऱ्या हातांचें दुःख नाकारतो, आणि दुसरें उत्तर देणारा त्याच हातांचें कौशल्य नाकारतो. दोघेही शेवटीं त्या माणसांनाच विसरतात. वेदीच्या सौंदर्यानें अन्यायाची फेड झाली असें म्हणतां येत नाहीं, आणि अन्याय झाला म्हणून तें सौंदर्य अन्याय करणारांच्या खातीं जमा करतां येत नाहीं. ज्यांनीं तें केलें त्यांचें तें आहे.

बीगल बेच्या कित्येक कुटुंबांची भावना अशीच दिसते. त्यांच्या आजी-आजोबांचीं लग्नें तेथें लागलीं, त्यांचे दफनविधि तेथें झाले, आणि त्यांनींच त्या भिंतींच्या विटा पाडल्या. बळजबरीनें आणलेल्या जागेला माणसें कालांतरानें आपलें घर करतात. पण म्हणून ती बळजबरी नव्हती असें ठरत नाहीं. तीं कुटुंबें देऊळही जपतात आणि आठवणही जपतात.

आपल्याकडेही किल्ले आहेत, देवळें आहेत, धरणें आहेत. त्यांच्या दगडावर बांधविणाराचें नांव कोरलेलें असतें आणि आपण तें वाचून पुढें जातों. पुढच्या खेपेला अशा एखाद्या जागीं मुलाबाळांना घेऊन गेलांत तर नांवाचा दगड वाचून झाल्यावर दोन मिनिटें भिंतीच्या सांध्यांतल्या चुन्याकडे पाहावें, आणि तो कोणीं भाजला, कोणीं वाहून आणला, हें मुलांना विचारावें. उत्तर पुस्तकांत नसेल. पण प्रश्न विचारल्याखेरीज तें कोणी शोधणारही नाहीं.